शाळा, रस्ते आणि मताधिकार देणाऱ्या शहांविरुद्ध अवघा इराण का उठला?

मुक्ता_द

नमस्कार. इराणमधील १९७८-७९ च्या क्रांतीविषयी वाचताना मी एकाच प्रश्नापाशी वारंवार अडते आहे. येथे या विषयाची जाण असलेले बरेच सदस्य आहेत, म्हणून तो सविस्तर मांडते.

शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्या राजवटीचा ताळेबंद मांडला तर जमेची बाजू लहान दिसत नाही. जानेवारी १९६३ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी 'श्वेत क्रांती' जाहीर केली. तिच्यात मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कुळांना वाटण्यात आल्या, स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळाला आणि लष्करी सेवेच्या वयातील शिकलेल्या तरुणांना खेड्यापाड्यांत शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव कडाडले आणि पुढच्या एका वर्षात इराणचे तेलाचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. १९५६ मध्ये सुमारे १५ लाख वस्तीचे असलेले तेहरान १९७६ पर्यंत ४५ लाखांचे झाले. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेहरानच्या शाही मेजवानीत इराणचे वर्णन अशांत प्रदेशातील स्थैर्याचे बेट असे केले. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १६ जानेवारी १९७९ रोजी, शहा देश सोडून गेले आणि ११ फेब्रुवारीला त्यांची राजवट संपली.

मला उलगडत नाही ते असे, की ही क्रांती केवळ उपाशी शेतकऱ्यांची नव्हती आणि केवळ मुल्लामौलवींचीही नव्हती. तिच्यात बाजारपेठेतले व्यापारी होते, चांगला पगार घेणारे तेल कामगार होते, प्राध्यापक, वकील, साम्यवादी तरुण आणि डोक्यावर कधी पदर न घेतलेल्या स्त्रियाही होत्या. "शहांनी आधुनिकता फार घाईने आणली आणि धर्मनिष्ठ समाज बिथरला" हे स्पष्टीकरण सर्वत्र वाचायला मिळते, परंतु या साऱ्या मंडळींना ते लागू पडत नाही. ज्या राजाने इतक्या लोकांना काही ना काही दिले होते, त्याच्या बाजूने शेवटी कोणीच का उभे राहिले नाही? आणि चौदा वर्षे देशाबाहेर असलेल्या एका वृद्ध धर्मगुरूकडे सगळ्यांचे नेतृत्व कसे गेले?

श्रीरंग

मुक्ताताई, घाईच्या आधुनिकतेचे ते स्पष्टीकरण मलाही पटत नाही, कारण त्यात सगळा दोष जनतेच्या मागासलेपणावर जातो आणि राजवटीचे स्वरूप तपासायचे राहून जाते. शहांनी लोकांना काय दिले याची यादी केली जाते. ते देत असताना त्यांनी कोणकोणत्या वाटा बंद केल्या याचीही केली, तर आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात सापडेल असे मला वाटते.

इराणला राज्यघटना आणि मजलिस, म्हणजे निवडून दिलेली संसद, १९०६ पासून होती. राजाच्या मनमानीला कायद्याची वेसण घालावी म्हणून व्यापारी, धर्मगुरू आणि नवशिक्षित यांनी एकत्र येऊन तेव्हा चळवळ केली होती. म्हणजे सत्तर वर्षांनंतर जे लोक रस्त्यावर एकत्र दिसले, ते काही प्रथमच एकत्र येत नव्हते. मधल्या काळात मोहम्मद रझा यांचे वडील रझा खान यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि १९२५ मध्ये ते राजे झाले. त्यांनी रेल्वे बांधली, न्यायव्यवस्था नव्याने उभारली, १९३६ मध्ये स्त्रियांच्या बुरख्यावर पोलिसांकरवी बंदी आणली आणि मजलिसीला होकार देण्यापुरते शिल्लक ठेवले. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात शिरल्या तेव्हा त्यांना सिंहासन सोडावे लागले. (त्यांना इराणातून बाहेर नेणाऱ्या जहाजाचे नाव 'बांद्रा' होते. ते मुंबईच्या बंदराबाहेर येऊन थांबले, परंतु ब्रिटिशांनी पदच्युत शहांना मुंबईच्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही आणि तेथूनच दुसऱ्या जहाजाने त्यांची रवानगी मॉरिशसला केली.) एकवीस वर्षांचा मुलगा गादीवर बसला तो असा, परक्या फौजांच्या छायेत.

दुसऱ्यांदाही हेच घडले. १९५१ मध्ये मजलिसीने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि मोहम्मद मोसादेघ पंतप्रधान झाले. राजाने राज्यपद भूषवावे, कारभार पाहू नये, ही त्यांची भूमिका १९०६ च्या घटनेला धरून होती. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यांनी इराणी सेनाधिकाऱ्यांना हाताशी धरून त्यांचे सरकार उलथवले. पहिला प्रयत्न फसल्यावर शहा बगदादमार्गे रोमला निघून गेले होते. दुसरा यशस्वी झाला तेव्हा ते परतले. मोसादेघ यांना तीन वर्षांची कैद झाली आणि त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना अहमदाबाद नावाच्या आपल्या गावी नजरकैदेत राहावे लागले. तो सगळा काळ इराणी माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की राहिली, की निवडून आलेला पंतप्रधान तुरुंगात गेला आणि पळून गेलेला राजा परक्यांच्या मदतीने परत आला. पुढच्या पंचवीस वर्षांत शहांनी केलेल्या कोणत्याही चांगल्या कामाला हा डाग चिकटलेलाच राहिला.

त्यानंतर वाटा बंद होत गेल्या. १९५७ मध्ये 'सावाक' ही गुप्तचर संघटना स्थापन झाली. दोन पक्षांची पद्धत आहे असे जगाला सांगण्यासाठी दरबाराच्या मर्जीतील दोन पक्ष काढण्यात आले, ज्यांना तेहरानमधले लोक 'होय' आणि 'होय, महाराज' अशा नावांनी ओळखत. १९६० ची निवडणूक इतकी उघड लबाडीची झाली की खुद्द शहांनाच ती रद्द करावी लागली. जून १९६३ मध्ये कोमचे धर्मगुरू अयातुल्ला खोमेनी यांनी शहांवर थेट टीका केली. त्यांना अटक होताच निदर्शने झाली आणि लष्कराने ती गोळीबाराने मोडून काढली. पुढच्या वर्षी अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा झाला. त्याविरुद्ध खोमेनी बोलले, तेव्हा नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. प्रथम तुर्कस्तानात आणि मग इराकमधील नजफला. हा विषय बुरखा किंवा मताधिकाराचा नसून सार्वभौमत्वाचा होता, त्यामुळे त्यांचे शब्द निधर्मी माणसालाही आपले वाटले.

याच काळातील एका खटल्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मेहदी बाझरगान हे फ्रान्समध्ये शिकलेले अभियंते, धर्मनिष्ठ आणि घटनावादी. 'इराण मुक्ती चळवळ' ही त्यांची संघटना शहांना हटवायला निघालेली नव्हती. राज्यघटना पाळावी एवढीच तिची मागणी होती. त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्या वेळी त्यांनी न्यायाधीशांना सांगितले, की घटनेच्या मार्गाने राजकीय लढा देणारे आम्ही शेवटचे आहोत आणि हे आपण आपल्या वरिष्ठांना कळवावे. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १९७१ मध्ये कास्पियन समुद्राजवळच्या सियाहकल येथील पोलीस ठाण्यावर डाव्या तरुणांनी सशस्त्र हल्ला केला, तेव्हा बाझरगान यांच्या म्हणण्याचा अर्थ सर्वांना कळला. शहांनी त्याचे उत्तर अधिक तुरुंगांनी आणि अधिक छळाने दिले.

मार्च १९७५ मध्ये उरलेसुरले पक्षही विसर्जित करून 'रस्ताखिझ' हा एकच पक्ष स्थापन झाला. ज्यांना त्यात यायचे नसेल त्यांनी देश सोडून जावे किंवा तुरुंगात राहावे, असे शहांनी जाहीरपणे सांगितले. माझ्या मते राजवटीचा सर्वांत घातक निर्णय तो हाच. तोपर्यंत राजकारणापासून दूर राहणाऱ्या माणसाला घरी गप्प बसण्याची मोकळीक होती. आता गप्प बसणेही संशयास्पद ठरले. पुढच्याच वर्षी प्राचीन इराणी सम्राट सायरसच्या राज्यारोहणापासून मोजलेली शाही कालगणना आली आणि १३५५ हे वर्ष एका फर्मानाने २५३५ झाले. धर्मनिष्ठ माणसाच्या हिजरी वर्षावरच राजाने हात टाकला होता.

पक्ष नाही, मोकळे वृत्तपत्र नाही, स्वतंत्र कामगार संघटना नाही, अशा देशात लोक जमतील अशी एकच जागा उरली आणि ती म्हणजे मशीद. मशिदीला कुलूप घालणे सावाकलाही शक्य नव्हते. खोमेनींची भाषणे ध्वनिफितींवर येत आणि बाजारातून मशिदींत, मशिदींतून घराघरांत जात. आपण विचारता की नेतृत्व त्यांच्याकडे कसे गेले. मोसादेघांच्या राष्ट्रीय आघाडीचे नेते वृद्ध आणि विखुरलेले होते, डाव्या गटांचे पुढारी मारले गेले होते किंवा तुरुंगात होते आणि जे देशात होते त्यांना एक वाक्यही छापता येत नव्हते. ज्यांना हद्दपार केले, त्यांनाच तेवढे बोलण्याचे स्वातंत्र्य उरले होते.

जयंत_पुणे

श्रीरंग यांनी राजकीय बाजू उत्तम मांडली आहे. मी रोजच्या जगण्याविषयी आणि पैशाविषयी थोडे लिहितो, कारण मुक्ताताईंच्या प्रश्नातील व्यापारी आणि कामगार त्याशिवाय समजणार नाहीत.

सत्तरच्या दशकात पुण्याच्या महाविद्यालयांत इराणी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि आमच्या वर्गातही काही होते. क्रिकेट सोडून बाकी सर्व विषयांवर ते मोकळेपणाने बोलत. शहांचे नाव निघाले मात्र की चौघे असतील तर चौघेही विषय बदलत. दोघे असताना त्यांच्यातला एक मला म्हणाला होता, की आपल्यातला कोण तेहरानला कळवतो हे कोणालाच ठाऊक नसते. सावाकचे माणूसबळ प्रत्यक्षात लोक समजत त्याहून कमी असावे; परंतु देशापासून दोन-तीन हजार किलोमीटरवर, पुण्यातल्या वसतिगृहाच्या खोलीतही तिची सावली पोहोचली होती. या भीतीमुळे राज्यकर्त्यांचेही नुकसान झाले. समोर सगळेच स्तुती करत असल्यामुळे १९७७ पर्यंत जनतेच्या मनात काय साचले आहे हे शहांना खरोखर कळत नव्हते, असेच त्यांच्या वागण्यावरून दिसते.

आता पैसा. १९७४ नंतर तेलाचा पैसा इतक्या वेगाने आत आला की देशाला तो पचवता आला नाही. खुर्रमशहरच्या बंदराबाहेर मालवाहू जहाजे महिनोन्महिने ताटकळत, उतरवलेला माल वाहून न्यायला मालमोटारी आणि चालक पुरत नसत, तेहरानमध्ये घरभाडी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेली आणि १९७७ च्या उन्हाळ्यात राजधानीतच वीज जाऊ लागली. जमीनसुधारणेत कुळांना जमिनी मिळाल्या खऱ्या, पण बहुतेकांच्या वाट्याला कुटुंब पोसता येणार नाही एवढेच तुकडे आले आणि ज्यांचा कसण्याचा हक्क नोंदलेला नव्हता त्या शेतमजुरांना काहीच मिळाले नाही. ते सारे शहरांकडे आले आणि तेहरानच्या दक्षिणेला, शहराच्या हद्दीबाहेर, पत्र्याच्या आणि विटांच्या झोपड्यांत राहू लागले. १९७७ मध्ये नगरपालिकेने बुलडोझर आणून त्या वस्त्या पाडायला घेतल्या, तेव्हा झालेल्या चकमकी ही क्रांतीची फारशी न सांगितली जाणारी पहिली पायरी आहे. पाडापाडीत घर गेलेल्या माणसाला जेवण, पांघरूण आणि आसरा दिला तो वस्तीतल्या मशिदीने.

महागाई वाढल्यावर शहांनी तिचा दोष आपल्या खर्चाला न देता दुकानदारांना दिला. १९७५ पासून 'नफेखोरांविरुद्ध मोहीम' निघाली, रस्ताखिझ पक्षाची तरुण मुले तपासनीस म्हणून बाजारात फिरू लागली आणि हजारो व्यापाऱ्यांना दंड, तुरुंग किंवा तडीपारी भोगावी लागली. इराणमधील बाजार म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. तो पतपेढी आहे, धर्मादाय संस्था आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यांनी मशिदीशी बांधलेला समाज आहे. एखाद्या प्रतिष्ठित सावकाराला विशीतल्या पोरांनी भर बाजारात अपमानित केले, तर तो अपमान त्याच्या दोनशे देणेकऱ्यांपर्यंत आणि त्याच्या मशिदीच्या इमामापर्यंत पोहोचत असे. पुढे संपकऱ्यांच्या घरी धान्य आणि पैसे पोहोचवण्याचे काम याच बाजाराने केले.

तेल कामगारांचे महत्त्व तर सांगावे तेवढे थोडे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अबादानची रिफायनरी आणि अहवाझचे तेलक्षेत्र येथे संप सुरू झाला. रोजचे सुमारे ६० लाख पिंपांचे उत्पादन काही आठवड्यांत पाव हिश्श्याच्या आसपास आले आणि वर्ष संपता संपता निर्यात थांबली. त्यांच्या मागण्या पगारापुरत्या नव्हत्या. राजकीय कैद्यांची मुक्तता आणि लष्करी कायदा रद्द करणे यांचाही त्यांत समावेश होता. बँकांचे कर्मचारी, वृत्तपत्रे, वीज कामगार सगळेच संपावर गेले. तेहरानच्या थंडीत लोक रॉकेलसाठी रांगा लावून उभे होते, तरी त्यांनी संपकऱ्यांना दोष दिला नाही. मोर्च्यांवर लष्कराला गोळी झाडता आली असती. तेलाच्या बंद झडपेवर ती झाडून काही उपयोग नव्हता.

मीनल_क

मुक्ताताईंनी स्त्रियांचा उल्लेख केला आहे, त्याविषयी मला काही सांगायचे आहे आणि ते मला अतिशय जवळचे वाटते.

१९६३ चा मताधिकार, १९६७ चा कुटुंब संरक्षण कायदा आणि १९७५ मधील त्याची सुधारणा यांचे मोल कमी लेखण्याची चूक कोणी करू नये. त्या कायद्यामुळे नवऱ्याने तोंडी तलाक देऊन बायकोला घराबाहेर काढणे बंद झाले, घटस्फोट न्यायालयात आला, दुसऱ्या लग्नासाठी न्यायालयाची परवानगी लागू लागली आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १८ झाले. १९६८ मध्ये फर्रोखरू पार्सा शिक्षणमंत्री झाल्या. इराणच्या त्या पहिल्या स्त्री मंत्री. हे सगळे खरे होते आणि हजारो घरांत त्याने फरक पडला.

परंतु त्याच काळात स्त्रियांच्या स्वतंत्र संस्था बंद झाल्या किंवा शहांच्या भगिनी अशरफ यांच्या अध्यक्षतेखालील एका सरकारी संघटनेत विलीन झाल्या. निवडणुकांमधून काहीच ठरत नसेल तर मताधिकाराने स्त्रियांच्या हाती नेमके काय आले? पुरुषालाही जे मत प्रत्यक्षात नव्हते, ते स्त्रीला देण्यात आले. विद्यापीठात शिकणारी मुलगी मिनीस्कर्ट घालू शकत होती, मात्र तिच्या कपाटात एखादे बंदी असलेले पुस्तक सापडले तर तिला एविन तुरुंगात नेऊन मारहाण होऊ शकत होती. १९७८ मधील मोर्च्यांत अशा अनेक मुलींनी जाणीवपूर्वक चादोर पांघरली. १९३६ मध्ये रझा शहांच्या पोलिसांनी ज्यांच्या आजींच्या डोक्यावरचे वस्त्र रस्त्यात ओढून काढले होते, त्यांना या कृतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि राजवट संकटात आल्यावर काय झाले ते पाहा. ऑगस्ट १९७८ मध्ये नवे पंतप्रधान शरीफ-इमामी यांनी धर्मगुरूंची मनधरणी करण्यासाठी ज्या गोष्टी केल्या, त्यांत शाही कालगणना रद्द करण्याबरोबरच स्त्रीविषयक कामकाजाचे मंत्रिपद काढून टाकणे हेही होते. म्हणजे तडजोडीची वेळ येताच शहांच्या सरकारने सर्वप्रथम सोडून दिलेल्या गोष्टींत स्त्रियांची बाजू होती, आणि तिचे रक्षण करील अशी स्त्रियांची स्वतःची संघटना त्यांनीच शिल्लक ठेवली नव्हती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचा वेग अनेकांच्या लक्षात नसतो. क्रांती होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कुटुंब संरक्षण कायदा स्थगित झाल्याची घोषणा झाली. ७ मार्च १९७९ रोजी सरकारी कचेऱ्यांत हिजाब सक्तीचा होणार असे जाहीर झाले. ८ मार्चला, बर्फ पडत असताना, हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर आल्या. आम्ही मागे जाण्यासाठी क्रांती केली नाही, ही त्यांची घोषणा होती. त्यांच्यावर दगडफेक झाली, चाकू उगारले गेले. डाव्या पक्षांच्या बहुतेक पुरुष नेत्यांनी, साम्राज्यवादाविरुद्धच्या लढ्यात फूट नको म्हणून, त्यांची साथ दिली नाही. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. फर्रोखरू पार्सा यांना मे १९८० मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले.

मुक्ता_द

सर्वांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न बराच सुटला आहे, पण त्यातून दुसरा निर्माण झाला. जानेवारी १९७८ मध्ये सुरू झालेली निदर्शने वर्षभर विझली कशी नाहीत? शहांकडे सुमारे चार लाखांचे सुसज्ज सैन्य होते. आणि ज्या क्षणापर्यंत हे सगळे सनदशीर मार्गाने वळवता आले असते, असा क्षण कोणता?

अनिरुद्ध_भा

पहिल्या भागाचे उत्तर देतो आणि दुसऱ्या भागात श्रीरंग यांच्याशी असलेला माझा मतभेदही मांडतो.

७ जानेवारी १९७८ रोजी 'इत्तेलाआत' या दैनिकात टोपणनावाने एक लेख आला आणि त्यात खोमेनींची अत्यंत हीन शब्दांत निंदा होती. ९ जानेवारीला कोममध्ये धार्मिक विद्यालयांतील विद्यार्थ्यांनी निषेध केला आणि पोलिसांच्या गोळ्यांनी काही जण मेले. शिया समाजात मृताचा चाळिसावा दिवस पाळतात. १८ फेब्रुवारीला तबरीझमध्ये कोमच्या मृतांचा चाळिसावा पाळताना दंगल उसळली आणि तेथे माणसे मेली. मार्चअखेरीस तबरीझच्या मृतांसाठी यझ्दमध्ये लोक जमले आणि तेथेही तेच झाले. मोर्चावर बंदी घालता येते, मरणाच्या दुखवट्यावर घालता येत नाही. प्रत्येक गोळीबार चाळीस दिवसांनंतरच्या जमावाची तारीख ठरवून जात होता.

१९ ऑगस्टला अबादानच्या रेक्स चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि चारशेच्या आसपास माणसे आत जळून मेली. आग लावणारे राजवटीचे विरोधक होते, असेच पुढे उघड झालेल्या माहितीवरून दिसते. परंतु त्या आठवड्यात जवळपास संपूर्ण देशाने हे सावाकचे काम आहे असे मानले. इतकी वर्षे असत्य छापणाऱ्या सरकारने खरे सांगितले तरी ते कोणी ऐकणार नव्हते. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. हजारो मेल्याची बातमी पसरली. नंतरच्या मोजणीत मृतांचा आकडा शंभराच्या आतबाहेर निघाला. विश्वास मात्र हजारोंवरच बसला आणि समेटाची भाषा त्या दिवसापासून मागे पडली. ६ नोव्हेंबरला शहा दूरचित्रवाणीवर आले, तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला आहे असे म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी लष्करी सरकार नेमले. ऐकणाऱ्याने यातले काय खरे मानायचे?

सैन्याविषयी एवढेच, की बंड होऊ नये म्हणून शहांनी सेनापतींना एकमेकांशी सल्लामसलत करू दिली नव्हती. प्रत्येक जण थेट राजाला भेटे. १९७४ पासून राजाला रक्ताचा कर्करोग होता आणि ही गोष्ट अगदी मोजक्या माणसांना ठाऊक होती. निर्णय घेणारा एकच माणूस आजारी, संभ्रमित आणि मग परदेशी गेल्यावर सेनापतींना स्वतः काही ठरवण्याची सवयच उरली नव्हती. खाली शिपाई तर मोर्चातल्याच वस्त्यांमधून आलेले होते. ९ फेब्रुवारी १९७९ च्या रात्री हवाई दलातील तंत्रज्ञांनी बंड केले, शस्त्रागारे लोकांसाठी उघडली गेली आणि ११ तारखेला सेनापतींनी तटस्थता जाहीर केली.

आता मतभेद. सर्व वाटा शहांनीच बंद केल्या हे १९७७ पर्यंत पूर्ण खरे आहे. परंतु जानेवारी १९७९ मध्ये शापूर बख्तियार पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी राजकीय कैदी सोडले, वृत्तपत्रे मोकळी केली, सावाक विसर्जित करण्याचे आणि खुल्या निवडणुका घेण्याचे वचन दिले. हा माणूस मोसादेघांच्या सरकारात उपमंत्री होता आणि शहांच्या तुरुंगात राहिलेला होता. तरीही त्यांच्याच राष्ट्रीय आघाडीने त्यांना काढून टाकले, कारण त्यांनी शहांच्या हातून पद स्वीकारले होते. निधर्मी, घटनावादी मंडळींनी त्या पाच आठवड्यांत बख्तियार यांच्याऐवजी खोमेनींची निवड केली. तेव्हा पुढच्या हुकूमशाहीची काही जबाबदारी त्यांच्याही पदरी येते आणि ती आपण शहांच्या खात्यावर ढकलू नये, असे मला मनापासून वाटते.

श्रीरंग

अनिरुद्धराव, जबाबदारी त्यांच्यावरही येते, हे मी मान्य करतो. तरी बख्तियार यांना संधी मिळाली ती वेळ आपण पाहावी. १०-११ डिसेंबर १९७८ रोजी, मोहरमच्या नवव्या आणि दहाव्या दिवशी, लाखोंचे मोर्चे तेहरानमधून गेले होते. त्यानंतर जानेवारीत शहांच्या सहीने नेमलेल्या कोणत्याही माणसाला, तो कितीही प्रामाणिक असला तरी, लोक स्वीकारणार नव्हते. आपल्याकडे आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधारी पराभूत झाले आणि त्यांनी पायउतार होऊन सत्ता सोपवली. मोडलेल्या स्थितीत का होईना, निवडणुकीची यंत्रणा आणि विरोधी पक्षांचे नेते दोन्ही शिल्लक होते म्हणून ते शक्य झाले. इराणमध्ये ती यंत्रणा एका महिन्यात नव्याने उभी करायची होती.

मुक्ताताई, आपण क्षण विचारला आहे. माझे उत्तर जून १९७७ हे आहे. त्या महिन्यात करीम संजाबी, शापूर बख्तियार आणि दारियूश फोरूहर या राष्ट्रीय आघाडीच्या तीन नेत्यांनी शहांना एक खुले पत्र लिहिले. त्यात सिंहासन खाली करण्याची मागणी नव्हती. एकाधिकारशाही संपवावी, १९०६ ची राज्यघटना पाळावी, एकपक्षीय पद्धत रद्द करावी, राजकीय कैद्यांना सोडावे, वृत्तपत्रांना मोकळीक द्यावी आणि बहुमताने निवडलेले सरकार कारभार पाहील असे करावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेहरानच्या जर्मन सांस्कृतिक केंद्रात लेखक संघाने दहा रात्री काव्यवाचन केले, तेव्हा पावसात भिजत हजारो माणसे ऐकायला उभी होती आणि तेथेही मागणी होती ती अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची. तोपर्यंत मोर्चांत कोणी राजेशाहीला मुर्दाबाद म्हणत नव्हते आणि खोमेनींचे नाव कोमबाहेर उघडपणे घेतले जात नव्हते. शहांना जर वर्षभरानंतर आपण होऊन जे जे द्यावे लागले ते त्या उन्हाळ्यात दिले असते, तर वाटाघाटीसाठी समोर बसायला घटनावादी माणसे होती.

पत्रावर सही करणाऱ्या तिघांपैकी संजाबी क्रांतीनंतर परराष्ट्रमंत्री झाले, दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे ते परदेशात वारले. बख्तियार यांचा १९९१ मध्ये पॅरिसजवळ राहत्या घरी खून झाला. फोरूहर यांना आणि त्यांच्या पत्नीला नोव्हेंबर १९९८ मध्ये तेहरानच्या घरात भोसकून मारण्यात आले. आणि ज्या बाझरगान यांचा मी वर उल्लेख केला, ते क्रांतीनंतरचे पहिले पंतप्रधान झाले. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला आणि खोमेनींनी त्यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्यांनीही पद सोडले. घटनेच्या मार्गावर चालू पाहणाऱ्या या माणसांचा दोन्ही राजवटींत अनुभव कसा होता, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि आपण तो काढलात तर मला त्यात नक्की लिहायला आवडेल.